चार वाजताचा स्वर्ग

शैलजा कोष्टीला चांगली बातमी कधी सरळ पचली नाही. भाजीवाल्याने हसून जास्तीची कोथिंबीर दिली की ती आधी पिशवीतले टोमॅटो उलटेपालटे करून बघायची. त्यामुळे आपल्या नवऱ्याला रोज दुपारी चार वाजता स्वर्ग मिळतोय हे मोबाइलवर दिसलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी तिच्या मनात आलं, त्या वेळी घरात कोण असतं?

घरात राजाक्का असायची. सिद्रामची सेवा करायला ठेवलेली बाई, पन्नाशीची, हाताने कष्टाळू आणि तोंडाने कमी. शैलजा त्या तासाला बाहेर असायची, तीही डॉक्टरांच्या सक्तीमुळे. सेवा करणाऱ्याने दिवसातून एक तास मोकळ्या हवेत काढलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. ती नदीकाठच्या बागेत बाकावर बसायची आणि मोबाइलवरची रेघ बघायची. ती रेघ दिवसभर लाल. चारच्या सुमाराला वर उठायची, शून्य ओलांडायची, हिरवी व्हायची आणि पाऊण तासाने पुन्हा लाल होऊन तळाला जायची. एखाद्या दिवशी झालं असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण हे दोन आठवडे चाललं होतं, रविवार सोडून. रविवारी राजाक्काची सुट्टी असायची.

सिद्राम कोष्टी हा इचलकरंजीतला नावाजलेला जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. चाळीस जुने यंत्रमाग एका शेडमध्ये धडधडत असताना हा दारातून आत येता येताच सांगायचा, "सातव्याचा पट्टा बघा, ढिला झालाय." आणि तो ढिला निघायचा. शेडच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला. सिद्रामला त्या आवाजाचं काही वाटत नसे, पण शैलजाचं डोकं लग्नानंतरच्या आठवड्यात दुखायला लागलं ते अठ्ठावीस वर्षं दुखत राहिलं. ती स्वयंपाकघरात खुणांनी बोलायला शिकली. देवापुढे हात जोडले की ती एकच मागायची, शांत घर.

पुढे जुने माग गेले, हवेवर फुसफुसत चालणारे नवे आले, शेड बंद पडली. त्याच वर्षी सिद्रामच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला, पण मानेखालचं आणि मानेवरचं सगळं शरीर लुळं पडलं. पापणीसुद्धा मनाने हलेना. मेंदू मात्र जागा होता, कान शाबूत होते. शैलजाने तेव्हा, आठ महिन्यांपूर्वी, नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे मऊ लोकरी तुकडे चिकटवले, दारावरची घंटा काढून टाकली. कपडे धुण्याच्या मशीनचा एक पाय मोडला होता आणि ते चालू केलं की जागेवर नाचायचं, म्हणून ते लावायचंच नाही असा हुकूम काढला. चादरी राजाक्काने हाताने धुवायच्या. जन्मभर जे स्वतःला हवं होतं ते तिने नवऱ्याला दिलं, आणि अगदी मनापासून दिलं.

चार आठवड्यांपूर्वी सिद्रामच्या डोक्यावर ती टोपी आली. सरकारी कागदावर तिचं नाव भावस्थितीमापक, पण गावभर तिला स्वर्ग-नरकाचं यंत्र म्हणत. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा अतिशय क्षीण चुंबकीय लहरी निघतात. टोपीच्या अस्तरात बसवलेले बारीक संवेदक त्या टिपतात. हजारो माणसांवर वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांतून शास्त्रज्ञांना कळलं होतं, की माणूस दाढदुखीने तळमळत असो, मूल हरवल्यामुळे असो किंवा नुसत्या भीतीने, तळमळीचा नकाशा मेंदूत जवळपास एकच उमटतो. समाधानाचंही तसंच. मग त्या नकाशांवरून आकडा काढता आला, उणे शंभर ते अधिक शंभर. तो घरच्यांच्या मोबाइलवर रेघेसारखा दिसायचा, शून्याखाली लाल, वर हिरवा. पूर्वीच्या लोकांनी वर आणि खाली कुठेतरी दाखवलेली दोन्ही ठिकाणं आता कवटीच्या आत, चार बोटांच्या अंतरावर सापडली होती. यंत्राची खोट एवढीच, की माणूस कुठे आहे हे ते सांगायचं, कशामुळे आहे ते सांगत नव्हतं.

आणि या आकड्यावर कायदा झाला होता. ज्याला बोलता येत नाही, बरं होण्याची आशा नाही आणि ज्याचा अठ्ठावीस दिवसांचा सरासरी आकडा उणे चाळीसच्या खाली आहे, त्याच्या जवळच्या माणसाला मुक्तिपत्रावर सही करता येत असे. मग नळीतून जाणारं अन्न थांबवायचं, झोपेचं औषध द्यायचं. सिद्रामची सरासरी उणे एकसष्ट होती. अठ्ठावीस दिवस येत्या गुरुवारी भरत होते.

शैलजाने मनाशी जवळजवळ ठरवलं होतं, की सही करायची. रोज नरकात असलेल्या माणसाला आपल्याला सोबत हवी म्हणून धरून ठेवायचं, हे तिला पटत नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच ही चार वाजताची भानगड.

"चारला काय करतेस गं यांच्याजवळ?" तिने शनिवारी विचारलं.

"काय न्हाई ओ ताई. अंग पुसतो, कुशीवर वळवतो, पायास्नी तेल लावतो. रोजचंच."

"मग त्यांना एवढं बरं कशाने वाटतं?"

"मला काय म्हाईत? मशीनलाच इचारा की."

राजाक्काने हे म्हणताना नजर चुकवली, आणि शैलजाला तेवढं पुरलं. तिने औषधांच्या पट्ट्या काढून गोळ्या मोजल्या, त्या बरोबर भरल्या. तेलाची बाटली हुंगली, ते तेलच होतं. राजाक्काची पिशवी तिने बघू नये ती बघितली, तिच्यात तंबाखू आणि नातवाचा फोटो निघाला. काहीच सापडलं नाही म्हणून संशय कमी व्हावा, तर तो वाढला. जे सापडत नाही ते फारच आतलं असणार, असं तिला वाटायला लागलं. मी जवळ बसते, हात हातात घेते, तेव्हा हा माणूस नरकात असतो. ही परकी बाई खोलीत आली की स्वर्गात. अठ्ठावीस वर्षांचा संसार तिला चारच्या रेघेपुढे फार हलका वाटला, आणि खरं सांगायचं तर तिला रडू आलं.

सोमवारी ती बागेतून अर्ध्या वाटेवरूनच परतली. खाली फाटकाशी तिने मोबाइल बघितला तेव्हा आकडा अधिक सव्वीस होता. जिना चढून वर आल्यावर कुलूप उघडताना खटका झाला आणि आत लगबग ऐकू आली. सिद्रामच्या खोलीचं दार, जे कायम बंद ठेवायचं असा नियम होता, ते सताड उघडं होतं. राजाक्का उंबऱ्यात उभी होती, हात कोपरापर्यंत ओले, पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक.

"दार उघडं का?"

"त्यांच्या घशातली घरघर ऐकू यावी म्हनून."

"शेजारी बसल्यावर ऐकू येत नाही? आणि हात कशाने ओले?"

राजाक्काने हात पदराला पुसले. शैलजाच्या हातातल्या मोबाइलवर रेघ लाल झाली होती. मी आले आणि हे खाली गेले, एवढंच तिला दिसलं.

त्या संध्याकाळी डॉक्टर मृण्मयी इनामदार तपासणीला आल्या. शैलजाने त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"तुमच्या यंत्रात बिघाड आहे."

"असू शकतो," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "चला, तुमच्यावरच लावून बघू."

त्यांनी सिद्रामच्या डोक्यावरची टोपी काढून शैलजाच्या डोक्यावर बसवली. यंत्राच्या पडद्यावर उणे बावीस आलं. खोली गार होती, स्वच्छ होती, बाहेर सोनमोहोर फुलला होता. तेवढ्यात राजाक्का चहा घेऊन आली आणि आकडा उणे चोपन्नवर गेला. डॉक्टरांनी पडदा शैलजाकडे वळवला. राजाक्कानेही तो आकडा वाचला, कप ठेवला आणि ती निघून गेली.

"यंत्र ठीक दिसतंय, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना चार वाजता काय होतं हे मलाही कळलेलं नाही. पण पाऊण तासाने सरासरी बदलत नाही. गुरुवारी अकराला मुक्तिपत्र देणाऱ्या समितीच्या वतीने मी कागद घेऊन येईन. सही करायची की नाही, ते तुमच्यावर आहे."

डॉक्टर गेल्यावर शैलजाने राजाक्काला सांगितलं, की उद्यापासून येऊ नकोस. राजाक्का म्हणाली, "बरं." मग चप्पल घालता घालता थांबली. "ताई, मी त्यास्नी वाईट काय केलं न्हाई." शैलजाने दार लावून घेतलं.

मंगळवारी चार वाजता रेघ लालच राहिली. उणे सत्तर, उणे अठ्ठ्याहत्तर. म्हणजे तीच होती, असं शैलजा स्वतःशी म्हणाली. आपला संशय खरा ठरल्याचं तिला बरं वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. ती सिद्रामजवळ बसली, त्याच्या कपाळावर हात ठेवला, त्याच्या आवडीची भजनं अगदी हळू आवाजात लावली. मग तीही बंद केली. खोलीत मुंगी चालली तर कळेल अशी शांतता होती आणि त्या शांततेत आकडा घसरत उणे ऐंशीवर गेला.

"काय हवंय हो तुम्हाला?" तिने विचारलं. सिद्रामची नजर छताला चिकटलेली होती.

बुधवारी दुपारपर्यंत चादरींचा ढीग झाला. दोन हाताने धुतल्या आणि तिचं मनगट सुजलं. रोज चार चार चादरी पिळणारी राजाक्का तिला पहिल्यांदा आठवली, तीही थोड्या शरमेने. उद्या डॉक्टर येणार, घरातला हा बहुधा शेवटचा सोपस्कार, आणि अंगाखाली मळकी चादर? तिने ढीग उचलला आणि मशीनमध्ये कोंबला. आता नियम पाळून कुणाचं भलं व्हायचं होतं? मशीनच्या आवाजात सिद्रामची घरघर ऐकू येईना, म्हणून तिने त्याच्या खोलीचं दार उघडं टाकलं. आपण राजाक्काच्याच पावलावर पाऊल टाकतोय, हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मशीनने आधी नुसतं पाणी घुसळलं. मग पिळायची वेळ आली आणि मोडक्या पायावर ते नाचायला लागलं. खटाक् खट्, खटाक् खट्, खटाक् खट्. शैलजाचं डोकं ठणकायला लागलं. ती कानावर हात ठेवणार, तोच ओट्यावरचा मोबाइल किणकिणला.

अधिक चाळीस. रेघ हिरवी.

तिचा पहिला विचार काय असावा? राजाक्का घरात शिरली. तिने सिद्रामच्या खोलीत जाऊन दारामागे बघितलं, कपाट उघडून बघितलं, वाकून पलंगाखालीसुद्धा बघितलं. कुणी नव्हतं. तेवढ्यात मशीन थांबलं आणि हातातला आकडा दगडासारखा खाली गेला.

शैलजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ मशीनकडे बघत राहिली. मग तिने बटण दाबलं. खटाक् खट्. हिरवा. बंद केलं, लाल. चालू केलं, हिरवा. तिचा एकदा दाखवल्याने विश्वास बसणारा स्वभाव नव्हता, तिने ते पाच वेळा करून बघितलं. सहाव्यांदा ते तसंच नाचत ठेवलं आणि ती ओल्या फरशीवर बसली. हाच खटाक् खट् तिने शेडच्या पाठीमागे अठ्ठावीस वर्षं ऐकला होता.

तिने भूपाल चौगुल्यांना फोन लावला. सिद्रामचे जुने मालक आणि मित्र. गावाबाहेर त्यांची एक छोटी शेड अजून तग धरून होती, आठ जुने माग, हौसेने ठेवलेले.

"भूपालदादा, यांना मागाचा आवाज एवढा आवडायचा का हो? मला कधी बोलले नाहीत."

"आवडायचा म्हंजे काय, वैनी," भूपाल म्हणाले. "शेड वाजत असली की सिद्राम बाकड्यावर घोरत पडायचा. गप झाली की टुणकन उठायचा. तुमी बगितलं असंल की."

तिने बघितलं होतं. वीज गेली, माग थांबले, की भरल्या ताटावरून उठून हा माणूस धावायचा. तिला वाटायचं, त्याला कामाची हाव आहे.

"वैनी, जॉबरला शांतता सोसत न्हाई. शेड गप झाली म्हंजे काय तर बिघडलंय, चाळीस माणसं हात बांधून हुबी हायत आनि याची वाट बघत्यात. पोटात गोळा येतो बगा."

शैलजाने फोन ठेवला. आठ महिने. दुहेरी काचा, नमदे, बंद दार. आठ महिने हा माणूस बंद पडलेल्या शेडमध्ये पडून होता. सगळे माग थांबलेत, सगळे वाट बघतायत आणि याला उठता येत नाहीये. नरक तिने स्वतःच्या हाताने बांधला होता, आणि त्याच्या भिंतीआड तिला स्वतःला किती बरं वाटत होतं. ती सिद्रामजवळ गेली आणि मोठ्याने, अगदी शेडमध्ये बोलायची तशी ओरडून म्हणाली, "अहो, चुकलं माझं."

त्यानंतर तिने राजाक्काला फोन केला. मी बाहेर गेले की मशीन लावायचीस ना, एवढंच विचारलं.

"चादरी लई हुत्या ओ," राजाक्का म्हणाली. "हात दुखायचं. तुमी बाहेर गेला की लावत हुतो मशीन. सांगितलं असतं तर तुमी रागवला असता."

"रागावलेच असते," शैलजा म्हणाली. "उद्या सकाळी लवकर ये. यांना न्यायचंय."

गुरुवारी अकराला डॉक्टर इनामदार कागद घेऊन आल्या त्या भूपाल चौगुल्यांच्या शेडवर. शैलजाने तसा निरोपच ठेवला होता. रुग्णवाहिकेतून आणलेली सिद्रामची गादी दाराजवळ लोखंडी खाटेवर टाकली होती, त्याच्या उशाला राजाक्का होती. आठही माग चालू होते. डॉक्टरांनी दोन्ही कान दाबले आणि पडद्याकडे बघितलं. अधिक चौसष्ट. त्यांनी टोपी दाबून बघितली, पडदा बंद करून पुन्हा लावला. अधिक सहासष्ट.

शैलजाच्या कानात कापसाचे बोळे होते आणि तरी डोकं फुटत होतं. त्या क्षणी कुणी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली असती तर आकडा बघवला नसता. पण ती जागची हलली नाही.

मग एकाएकी आकडा पडायला लागला. चाळीस, दहा, उणे पंधरा, उणे अडतीस.

"ताई, त्यांना त्रास होतोय," डॉक्टर तिच्या कानाशी ओरडल्या. "सुरुवातीला बरं वाटलं असेल. हा आवाज कुणालाही सोसणार नाही. त्यांना बाहेर घ्या."

राजाक्काने खाटेला हात घातलाही. शैलजा मात्र पडद्याकडे बघत नव्हती आणि डॉक्टरांकडेही नाही. आयुष्यभर तिने माणसांवर संशय घेतला होता. आज तिने डोळे बारीक करून आठ मागांवर तो घेतला.

"भूपालदादा," ती ओरडली, "यातला एक बिघडलाय."

"काय न्हाई, वैनी. सगळे झ्याक चालल्यात."

"बिघडलाय म्हणते ना. एकेक थांबवा."

पहिला थांबवला, आकडा आणखी खाली गेला. तो लावून दुसरा थांबवला, तसंच. तिसरा, चौथा. पाचवा थांबवला आणि आकडा उणे पन्नासवरून सरळ शून्याला आला. भूपाल वाकले. त्या मागावरचा विणकर, चष्मा लावलेला म्हातारा माणूस, तोही वाकला. दोघं काही वेळ वर आले नाहीत. मग भूपालांनी हात वर केला. आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला फटका देणाऱ्या दांडक्याचा चामडी पट्टा एका धाग्यावर लटकत होता. तो तुटला असता तर लोखंडी टोकाचा धोटा गोफणीतल्या धोंड्यासारखा सुटला असता, आणि समोर त्या विणकराचं तोंड होतं.

बाकीचे सात माग वाजत होते. विणकर सिद्रामच्या खाटेपाशी आला, त्याच्या लुळ्या हाताला त्याने हात लावला आणि परत गेला. नवा पट्टा बसला. पाचवा माग सुरू झाला, खटाक् खट्, आणि आकडा चढत चढत अधिक त्र्याऐंशीला जाऊन थांबला. गेल्या चार आठवड्यांत त्याने एवढी उंची कधीच गाठली नव्हती.

डॉक्टरांनी आकडा टिपून घेतला. मग त्यांनी कागद काढला. त्यात रुग्णाची सद्यस्थिती असा एक रकाना होता आणि त्यापुढे यातना की समाधान, यावर खूण करायची होती. त्यांचं पेन दोन्हींवर फिरलं आणि कुठेच टेकलं नाही.

"मी काय लिहू?" त्यांनी विचारलं. "आत्ताच तर ते नरकात होते. पुन्हा जातील. रोज जातील."

"जातील की," शैलजा ओरडून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि डोकं भयंकर दुखत होतं. "माग बिघडला की जॉबरला जावंच लागतं. तुम्ही लिहा, कामावर आहेत."

डॉक्टरांनी दोन्ही शब्द खोडले आणि तसंच लिहिलं. मुक्तिपत्र घडी करून त्यांच्या पिशवीत परत गेलं.

राजाक्काने शैलजाच्या हातावर कापसाचे नवे बोळे ठेवले. शैलजाने ते कानात घातले, स्टूल ओढलं आणि ती सिद्रामच्या खाटेशेजारी बसली. थोड्या वेळाने आकडा चाराने उतरला. सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. शैलजा आधीच दुसऱ्या मागाकडे संशयाने बघत होती.